आयर्लंडला येताय? सासरच्यांच्या भीतीबद्दल थोडं

तुमचा प्रश्न असा: गॉलवेत नर्सची नोकरी मिळाली आहे, दीड-दोन वर्षांत मूल हवंय, आणि सासरचे म्हणतात, 'कॅथलिक देश तो, बेळगावच्या सविताचं काय झालं विसरलीस?'

सविता हलप्पनवार २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवेच्याच रुग्णालयात सेप्सिसने, म्हणजे संसर्गातून शरीरभर बिघाड होऊन, गेल्या. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे कळलं होतं, तरी त्याचे ठोके चालू असेपर्यंत गर्भपात नाकारला गेला, कारण १९८३ च्या आठव्या घटनादुरुस्तीने आई आणि गर्भ दोघांना जगण्याचा समान हक्क दिला होता. आपल्याकडे सगळं खापर धर्मावर फुटलं. चौकशीत मात्र हेही निघालं की संसर्गाची लक्षणं वेळेत ओळखून उपचार करायच्या तब्बल १३ संधी हुकल्या. घरच्यांना ही दुसरी बाजूही सांगा.

२५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी ती दुरुस्ती काढायला होकार दिला आणि १ जानेवारी २०१९ पासून गर्भपात सेवा सुरू झाली. त्यावरून 'आता तिकडे सगळं मोकळं' असं म्हणणारेही भेटतील. तसं नाही.

बारा आठवड्यांपर्यंत कारण द्यावं लागत नाही. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पाळी चुकल्याचं कळेपर्यंत चार-पाच गेलेले असतात. त्यात जीपीने (म्हणजे फॅमिली डॉक्टरने) दाखला दिल्यावर तीन दिवस थांबायची सक्ती. नऊ आठवड्यांपर्यंत जीपीकडून गोळ्या घेऊन घरी, पुढे बारापर्यंत रुग्णालयात. प्रत्येक जीपी ही सेवा देत नाही, म्हणून आधी 'माय ऑप्शन्स' या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा: १८०० ८२८ ०१०. ही सेवा देणारा डॉक्टर कोण ते तिथे सांगतात, दुभाष्याही मिळतो. इथे राहणाऱ्यांना सेवा मोफत आहे.

बारा आठवड्यांनंतर वाट फार अरुंद होते: आईच्या जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका, नाहीतर बाळ जन्माआधी किंवा जन्मल्यावर २८ दिवसांत दगावेल असा दोष. विसाव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये दिसलेला, पण जीवघेणा नसलेला दोष यात बसत नाही. अशी जोडपी आजही इंग्लंडला जातात. भारतात वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक गटांतल्या स्त्रियांना दोघांच्या मताने चोवीसपर्यंत मुभा आहे. तो हिशोब इथे लावू नका.

येताना बॅगेत 'असू द्यात' म्हणून गर्भपाताच्या गोळ्या टाकू नका, पोस्टाने तर मागवूच नका. स्वतःच्या गर्भाबाबत बाईवर गुन्हा लागत नाही. मात्र कायद्याबाहेर तिला मदत करणाऱ्याला, मग तो नवरा का असेना, १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता खरं कामाचं. पोचल्याबरोबर जीपी शोधा. बऱ्याच दवाखान्यांच्या याद्या भरलेल्या असतात आणि नवीन पेशंट घेत नाहीत. किमान वर्षभर राहायच्या इराद्याने आलात की प्रसूतीपूर्व तपासण्या, सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण आणि नंतरच्या तपासण्या मातृत्व योजनेत मोफत होतात, पण त्यासाठी जीपीकडे नोंदणी हवी. सर्दी-तापासाठी गेलात तर खिशातून पन्नास-साठ युरो जातात, हा फरक नव्याने आलेल्यांना चकवतो.

प्रसूतीची रजा २६ आठवडे, वर आणखी १६ बिनपगारी. त्या २६ आठवड्यांचा पगार द्यायला मालक बांधील नाही; सरकारचा मातृत्व भत्ता मिळतो. त्यासाठी नोकरदार बाईची, रजेआधीच्या १२ महिन्यांत किमान ३९ आठवड्यांची पीआरएसआय (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची) वर्गणी भरलेली असणं हा नेहमीचा निकष आहे. नोकरी लागल्याची तारीख धरून बोटं मोजा, मग मुलाचं ठरवा. तोवर गर्भनिरोधन लागलंच तर वयाच्या पस्तिशीपर्यंत तेही मोफत आहे, तांबी बसवण्यासकट.