लॉस एंजेलिसमध्ये इंग्रजी स्टेशनांना मागे टाकणारं पहिलं स्पॅनिश एफएम स्टेशन १०७.५ वरचं 'के-लव्ह' होतं का?

नाही, तो मान केएलएएक्स ९७.९ चा. या स्टेशनने १९९२ मध्ये बांदा आणि रांचेरा अशी मेक्सिकन ढंगाची गाणी लावायला सुरुवात केली आणि त्याच वर्षीच्या शेवटच्या तिमाहीत आर्बिट्रॉन या रेडिओ-सर्वेक्षण कंपनीच्या श्रोतामोजणीत थेट पहिला नंबर पटकावला. केएलव्हीई, म्हणजे तुमचं 'के-लव्ह', स्पॅनिशमध्ये आलं १९७० च्या दशकातच, पण पहिल्या क्रमांकावर पोचलं ते १९९५ च्या सुमारास. त्याचा बाज वेगळा: प्रेमगीतं, बलाड, गुळगुळीत लॅटिन पॉप. मालकी तेव्हा हेफ्टेल कंपनीची होती. १९९७ मध्ये टिचेनॉर ही दुसरी रेडिओ कंपनी तिच्यात मिसळली, १९९९ मध्ये हेफ्टेलचं नाव हिस्पॅनिक ब्रॉडकास्टिंग झालं आणि २००३ मध्ये युनिव्हिजन या स्पॅनिश टीव्ही कंपनीने ती घेतली. हा क्रम त्या काळच्या आर्बिट्रॉनच्या तिमाही आकड्यांवरून आणि कंपन्यांच्या जाहीर व्यवहारांवरून लागतो.

मात्र हे आकडे जरा जपून वाचा. तेव्हा निवडक श्रोते काय ऐकलं ते कागदी डायरीत स्वतः लिहीत, त्यामुळे ज्या स्टेशनचं नाव पटकन आठवतं त्याला थोडा फायदा मिळायचाच. लॉस एंजेलिसमध्ये यंत्राने मोजणी सुरू झाली ती २००८ मध्ये. आणि हो, 'के-लव्ह' नावाचं अमेरिकाभर चालणारं इंग्रजी ख्रिस्ती गाण्यांचं रेडिओ जाळंही आहे. त्याचा या स्टेशनशी काही संबंध नाही.