हिचवर लिहिलंय ३५०० किलो. गाडीवर काय लिहिलंय?

एसयूव्हीला हिच (ट्रेलर अडकवायची गाडीमागची लोखंडी जोडणी) बसवून ट्रेलर जोडण्याबद्दल वाचकांकडून आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : आमची सात आसनी डिझेल एसयूव्ही आहे. कॅम्पिंगचा लहान ट्रेलर ओढायचा आहे, सामानासकट तो १५०० किलोपर्यंत जाईल. दुकानदार म्हणतो, ‘ही हिच ३५०० किलोची आहे, डोळे मिटून घ्या.’ घ्यावी का?

उत्तर : डोळे उघडे ठेवून घ्या. ३५०० हा आकडा त्या लोखंडाचा आहे, तुमच्या गाडीचा नव्हे. गाडी, हिच, बॉल माउंट (हिचमध्ये बसणारी, बॉल धरणारी दांडी), बॉल (ज्यावर ट्रेलर अडकतो तो लोखंडी गोळा) आणि ट्रेलरचा कपलर (बॉलवर बसणारी टोपी) या पाचांत ज्याचा आकडा सगळ्यात लहान, तीच तुमची मर्यादा. भक्कम हिच लावली म्हणून गाडीची ओढायची ताकद किलोभरही वाढत नाही. ती ठरते ब्रेकवर, गिअरबॉक्सवर, इंजिन थंड ठेवण्याच्या व्यवस्थेवर आणि हिचचे बोल्ट ज्यात जातात त्या चासीच्या पत्र्यावर.

गाडीचं माहितीपुस्तक आणि दाराच्या खांबावरची पट्टी यांतून पाच आकडे काढा : ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा, ब्रेक नसलेल्याची मर्यादा, हिचवर चालणारा उभा भार (ट्रेलरची दांडी हिचला खाली दाबते ते वजन), गाडीचं कमाल एकूण वजन, आणि गाडी व ट्रेलर मिळून कमाल वजन. ट्रेलर ओढण्याबद्दल पुस्तकात काहीच नसेल किंवा ‘ओढू नये’ असं लिहिलं असेल, तर विषय तिथेच संपला. काही हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांना हिच फक्त सायकल रॅकपुरती मान्य असते.

बहुतेक जण पहिला आकडा पाहून खूश होतात आणि अडकतात चौथ्यावर. एक हिशेब मांडून पाहू. गाडीचं कमाल वजन २४५० किलो, रिकामं वजन १८५०, म्हणजे हाताशी ६०० किलो. चार मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून ३५० धरा. डिकीतलं सामान ८०, हिचचं स्वतःचं वजन २५. झाले ४५५, उरले १४५. आता १५०० किलोच्या ट्रेलरचा दहा टक्के भार हिचवर टाकायचा म्हटलं तर १५० किलो. पाच किलो जास्तच झाले, आणि निघताना डिकीत टाकलेला पाण्याचा कॅन अजून मोजलेलाच नाही! गाडी २००० किलो ओढू शकते असं कागदावर असलं, तरी माणसं भरल्यावर ती १५०० लाच हात टेकते. काही कंपन्या रिकाम्या वजनात ७५ किलोचा चालक आधीच धरतात, तेही पाहून घ्या. नाहीतर तो दोनदा मोजला जाईल.

मागच्या चाकांचा हिशेब तर वेगळाच आहे. बॉल मागच्या आसाच्या बराच मागे असतो, त्यामुळे गाडीची तरफ होते. दोन आसांमधलं अंतर २.८ मीटर आणि मागच्या आसापासून बॉल १.१ मीटर असेल, तर हिचवरच्या १५० किलोंचे मागच्या आसावर सुमारे २०९ होतात आणि पुढची चाकं ५९ किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग पोकळ लागतं ते यामुळेच. म्हणून मागच्या आसाची वेगळी मर्यादाही तपासा.

तुमच्या बाबतीत डिकीतलं चाळीसेक किलो सामान ट्रेलरमध्ये, बरोबर त्याच्या आसावर ठेवलं तर गाडी मर्यादेत येते आणि हिचवरचा भारही फारसा बदलत नाही. मात्र ट्रेलरचं एकूण वजन तेवढंच वाढतं, ते पुन्हा तपासा.

प्रश्न : चौकोनी नळीची हिच घ्यावी की हंसाच्या मानेसारखी वाकलेली? आणि चौकोनी घेतली तर सव्वा इंची की दोन इंची?

उत्तर : ही दोन वेगळी घराणी आहेत. चौकोनी नळी, म्हणजे रिसीव्हर, ही अमेरिकी पद्धत. तिच्यात क्षमतेनुसार वर्ग असतात. पहिल्या वर्गाची सव्वा इंची नळी ९०७ किलो ओढते आणि ९१ किलो उभा भार घेते. दुसरा वर्गही सहसा सव्वा इंचीच, १५८८ आणि १५९ किलोंचा. तिसऱ्या वर्गात नळी दोन इंची होते आणि मर्यादा ३६२९ व ३६३ किलोंपर्यंत जाते. कुटुंबाच्या एसयूव्हीला याच्या वर जायचं कारण नाही. गाडीची क्षमता १५०० किलो असली तरी दोन इंची मिळत असेल तर तीच घ्या. जास्त ओढता येतं म्हणून नव्हे, तर बॉल माउंट आणि सायकल रॅक यांची निवड तिच्यात मोठी असते म्हणून. सव्वा इंचीला अडॅप्टर लावून दोन इंची करण्याची युक्ती टाळा. अडॅप्टरने भार आणखी मागे सरकतो आणि क्षमता कमी होते.

वाकडी मान ही युरोपीय पद्धत. तिच्या पट्टीवर डी आणि एस अशी अक्षरं असतात. एस म्हणजे किलोतला उभा भार, आणि डी म्हणजे आडवी ओढ, किलोन्यूटनमध्ये. डी काढायचा असा : गाडीचं आणि ट्रेलरचं कमाल वजन टनांत घ्या, त्यांच्या गुणाकाराला त्यांच्या बेरजेनं भागा आणि ९.८१ ने गुणा. वरच्या उदाहरणात २.४५ आणि १.५ घेतले की ९.१३ येतात. पट्टीवर याहून कमी डी असेल तर ती हिच तुमची नाही. या घराण्यात एस ७५ ते १०० किलो असणं नेहमीचं आहे, म्हणून तिथे ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्के उभा भार धरून चालत नाही. ट्रेलरही त्याच हिशेबानं, साधारण ४ ते ७ टक्क्यांसाठी बनवलेले असतात. थोडक्यात, ट्रेलर ज्या घराण्याचा, हिचही त्याच घराण्याची.

काढता येणारी मान दिसायला छान, पार्किंग सेन्सरच्या आडही येत नाही. पण तिच्या खोबणीत चिखल आणि मीठ बसलं की कुलूप जाम होतं. मान काढली की रबरी बूच लावायलाच हवं. बसवल्यावर खूण हिरव्यावर आली का पाहायचं आणि हातानं जोरात हलवून खात्री करायची.

प्रश्न : ५० मिलिमीटरचा बॉल आणि दोन इंची कपलर एकमेकांना चालतात का?

उत्तर : नाही. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. लहान बॉल मोठ्या कपलरात खेळतो आणि मोठा बॉल लहान कपलरात पूर्ण बसत नाही, त्यामुळे खिट्टी लागल्यासारखी वाटते पण लागलेली नसते. १ ७/८ इंची बॉलवर दोन इंची कपलर हा तर हमखास घात. रस्त्यावरच्या उंचवट्यावर तो उडून निघतो. माप बॉलच्या माथ्यावर आणि कपलरवर कोरलेलं असतं. जोडल्यावर जॅकनं ट्रेलरची दांडी वर उचलून पाहा : गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला तरच जोड पक्की.

प्रश्न : हिचवरचा उभा भार घरी कसा मोजायचा? आमचा बाथरूमचा काटा १२० किलोपर्यंतच आहे.

उत्तर : पुरेल. ट्रेलर प्रवासाला निघताना भरतो तसा भरा, सपाट जागी उभा करून चाकांना अडण्या लावा. एक जाड फळी घ्या. तिचं एक टोक विटांवर आणि दुसरं काट्यावर, दोन्हीकडे आडवी गोल सळई ठेवून टेकवा. सळयांमधलं अंतर बरोबर ९० सेंटिमीटर ठेवा. काट्याची उंची आणि विटांची उंची सारखी हवी. फळी ठेवल्यावर काटा शून्यावर आणा. आता विटांकडच्या सळईपासून ३० सेंटिमीटरवर ट्रेलरची दांडी टेकवा आणि जॅकचं चाक जमिनीवरून पूर्ण सोडवा. काट्यावर भाराचा एक तृतीयांश येतो, म्हणून आलेल्या आकड्याला तीननं गुणा. ४६ दाखवला तर भार १३८ किलो. दांडी प्रवासात असते त्याच उंचीवर हवी. वर-खाली असेल तर आकडा फसवतो.

प्रश्न : ट्रेलर जोडला की गाडीचं नाक वर जातं, हेडलाइट झाडांवर पडतात. जास्त खाली उतरणारा बॉल माउंट घेऊ का?

उत्तर : त्यानं ट्रेलर सपाट होईल, गाडी नाही. आधी भार मोजा. तो मर्यादेत असूनही मागचा भाग बसत असेल, तर मागच्या स्प्रिंगा थकल्या आहेत का ते पाहा. स्प्रिंगांच्या मदतीला बसवायच्या हवेच्या पिशव्या मागचा भाग उचलतात, पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत आणत नाहीत. ते काम भार वाटणाऱ्या हिचचं, जिच्या दोन लवचीक दांड्या ट्रेलरच्या सांगाड्याला ताणून बसतात. पण ती लावायची परवानगी गाडीच्या पुस्तकात आहे का ते वाचा. कित्येक एसयूव्हींना ती चालत नाही.

बॉल माउंट निवडायचा तो मोजूनच. सपाट जागी ट्रेलर समतल करून जमिनीपासून कपलरच्या तळापर्यंतची उंची घ्या. मग प्रवासाइतकी भरलेली गाडी उभी करून जमिनीपासून रिसीव्हरच्या नळीच्या आतल्या वरच्या कडेपर्यंतची घ्या. नळी ५१ आणि कपलर ४३ सेंटिमीटरवर आला तर ८ सेंटिमीटर उतरणारा माउंट हवा. ट्रेलरचं नाक किंचित खाली चालतं, वर अजिबात नको.

प्रश्न : ब्रेक दाबला की ट्रेलरचे दोन्ही इंडिकेटर मंद पेटतात. दिवे बदलून झाले. वायरिंग मागच्या दिव्याच्या तारांना टोचे मारून केलं आहे.

उत्तर : दिवे निर्दोष आहेत, अर्थिंग गेलं आहे. परतीची वाट बंद झाली की वीज दुसऱ्या दिव्यांतून वाट काढते, म्हणून नको ते दिवे मिणमिणतात. खात्रीसाठी एक जाड तार ट्रेलरच्या घासून चकचकीत केलेल्या लोखंडाला आणि गाडीच्या बॅटरीच्या ऋण टोकाला तात्पुरती जोडा. दोष गेला तर निदान पक्कं. सात पिनांच्या गोल युरोपीय सॉकेटमध्ये तिसरी, पांढरी तार अर्थिंगची असते. चार तारांच्या चपट्या अमेरिकी जोडात पांढरीच. ती उघडून हिरवटपणा साफ करा आणि रंगाखालच्या नव्हे, उघड्या धातूवर घट्ट बसवा. बॉलमधून अर्थिंग मिळतं या भरवशावर राहू नका. ग्रीस आणि गंज दोन्ही आड येतात.

पण खरी चूक टोचे मारण्यात आहे. आजच्या बऱ्याच गाड्यांत दिव्यांना सरळ बारा व्होल्ट नव्हे, तुटक स्पंदनांत वीज जाते आणि संगणक प्रत्येक दिव्याचा प्रवाह मोजत असतो. जादा भार दिसला की तो इशारा देतो, दिवा बंद करतो, कधी नियंत्रणपेटीच जळते. त्यासाठी गाडीच्या मॉडेलचं वेगळं मॉड्यूल असतं. ते दिव्यांकडून फक्त संकेत घेतं आणि ट्रेलरला वीज बॅटरीवरून फ्यूजमार्फत देतं. गाडीच्या संगणकात ट्रेलरची नोंद केली की मागचे सेन्सर आपोआप गप्प होतात, आणि गाडीत सोय असेल तर ट्रेलर झोकांड्या खाऊ लागल्यावर सावरणारी प्रणालीही जागी होते. हिच स्वस्तातली घेतली तर एकवेळ चालेल, वायरिंगमध्ये काटकसर करू नका.

प्रश्न : हिच घरी बसवता येईल का?

उत्तर : त्या मॉडेलसाठीच बनलेली, बोल्टची हिच असेल तर दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. वेल्डिंग करून बसवायची कुणी सुचवली तर नको म्हणा. उष्णतेनं चासीचं पोलाद तिथेच कमजोर होतं.

सायलेन्सर खाली घ्यावा लागला तर त्याच्या रबरांना साबणाचं पाणी लावा, सहज निसटतात. चासीच्या पोकळीत बोल्ट ओढायला सोबत स्प्रिंगची तार येते, ती फेकू नका. हिच जिथे टेकते तिथला मेणाचा आणि डांबरी लेप खरवडून काढा. तो मध्ये राहिला की भाराखाली दबतो, बोल्टचा ताण सुटतो आणि काही दिवसांनी ‘टक’ असा आवाज सुरू होतो. उघड्या पडलेल्या धातूला गंजरोधक लावा. बोल्ट आधी सगळे हातानं, मग टॉर्क पान्यानं, सोबतच्या कागदावरच्या आकड्याला. एम-१२ चा बोल्ट ८.८ दर्जाचा असेल तर साधारण ८० आणि १०.९ चा असेल तर १२० न्यूटन-मीटर घेतो. म्हणून हरवलेल्या बोल्टच्या जागी डब्यातला कुठलाही घालू नये. ट्रेलर ओढून हजार किलोमीटर झाले की पुन्हा पाना लावा. बंपर कापायचा असेल तर साच्यापेक्षा लहान कापा, कमी पडलं तर कानसेनं वाढवा.

प्रश्न : फक्त तीन सायकलींचा रॅक लावायचा आहे. मग मोजमाप कशाला?

उत्तर : रॅक २० किलो आणि साध्या सायकली १६ किलोंच्या, म्हणजे ६८. त्याच विजेच्या, प्रत्येकी २५ किलोंच्या असतील तर ९५. ७५ किलोंच्या एस मर्यादेत पहिल्या बसतात, दुसऱ्या नाहीत. शिवाय तिसरी सायकल बॉलपासून सगळ्यात लांब, म्हणून जड सायकल गाडीकडच्या खाचेत लावा.

प्रश्न : ताशी ८० किलोमीटरच्या वर गेलं की ट्रेलर शेपूट हलवतो. घर्षणाचा स्टॅबिलायझर कपलर (बॉलला पॅडनी आवळून धरणारा) लावला, तरी फरक नाही.

उत्तर : बहुधा ट्रेलरचा मागचा भाग जड आहे. हिचवरचा भार मोजा, जड सामान आसाच्या किंचित पुढे आणा, ट्रेलरच्या टायरची हवा तपासा. झोकांडी सुरू झालीच तर स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. ब्रेकवर पाय मारू नका आणि वेग वाढवून सरळ करायला जाऊ नका. ट्रेलरच्या ब्रेकला हाताचा वेगळा दांडा असेल तर फक्त तो हलकेच दाबा.

आणि बॉल पाहा. साध्या कपलरला बॉलवर ग्रीस लागतं, स्टॅबिलायझरला मात्र बॉल कोरडा हवा. ग्रीसचा हात राहिला असेल तर पॅड नुसते घसरतात. नव्या बॉलवरचा रंगसुद्धा बारीक पॉलिश पेपरनं काढून स्पिरिटनं पुसावा लागतो. पॅडवर ग्रीस चढलं असेल तर तेही बदला. बॉल ५० मिलिमीटरचा असेल तर व्हर्नियरनं दोन-तीन दिशांनी मोजा. ४९ च्या खाली कुठेही भरला तर तो बॉल भंगारात.