वाचकांचे प्रश्न : लहानपणीचं पुस्तक पुन्हा उघडताना

प्रश्न : शाळेत असताना गलिव्हरच्या गोष्टीनं वेड लावलं होतं. आता हौसेनं संपूर्ण पुस्तक आणलं, तर ते कडवट, मध्येच किळसवाणं वाटतंय. माझी आवड बदलली की पुस्तकच वेगळं आहे?

उत्तर : पुस्तकच वेगळं आहे. जोनाथन स्विफ्टचं १७२६ सालचं मूळ लेखन मोठ्यांसाठी होतं. त्यात चार सफरी आहेत. प्रकरणं अनुक्रमे ८, ८, ११ आणि १२. मुलांच्या आवृत्त्यांत बहुधा पहिल्या दोनच सफरी असतात, त्याही बरीच काटछाट करून. जुनी प्रत हाताशी असेल तर दोन्हींच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवून ताडून बघा. लिलिपुट या बुटक्यांच्या देशात राजवाड्याची आग गलिव्हर लघवी करून विझवतो आणि राणी त्याच्यावर भयंकर संतापते, हा प्रसंग तुमच्या जुन्या प्रतीत असण्याची शक्यता फार कमी.

अंडं कुठल्या टोकानं फोडायचं यावरून पेटलेलं भांडण मात्र आठवत असेल. लहानपणी ते नुसतं गमतीचं वाटतं. आता तिथं थांबा. लहान टोकाची सक्ती मानण्यापेक्षा अकरा हजार जणांनी मरण पत्करलं, असं स्विफ्ट अगदी शांतपणे सांगतो. रोख कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्या वैरावर आहे. असे संदर्भ समजायला टीपांची आवृत्ती हवीच, पण टीपा प्रकरण संपल्यावर वाचा. दर ओळीला खाली पाहिलं की गोष्टीची लय जाते.

किळसही मुद्दाम आणलेली आहे. लिलिपुटची माणसं आपल्या बाराव्या हिश्शाएवढी, ब्रॉबडिंगनॅगची बारापट उंच. या राक्षसांच्या देशात गलिव्हरला बायकांच्या कातडीवरचा एकेक डाग दिसतो, आणि आपलाही चेहरा लिलिपुटमधल्या मित्राला असाच खड्ड्याखड्ड्यांचा दिसला होता, हे त्याला आठवतं. ही जागा या पुस्तकातल्या उत्तम जागांपैकी एक आहे.

पहिल्या दोन सफरी सलग वाचा, बैठकीला एक-दोन प्रकरणं. कथानक ठाऊक असल्यानं डोळे पुढे पळतात आणि उपरोध हातून निसटतो. तिसरी सफर विस्कळीत आहे. तिथं अडकलात तर खुशाल चौथीवर जा आणि तिसरीकडे मागाहून या. बोलत्या घोड्यांची चौथी सफर मात्र सोडू नका, सगळा कडवटपणा तिथं पोचतो.

प्रश्न : सी. एस. लुईसची नार्निया या जादुई देशाची सात पुस्तकं मुलीसोबत पुन्हा वाचायची आहेत. संचावर छापलेल्या क्रमानं वाचू का?

उत्तर : मुलगी पहिल्यांदाच वाचत असेल तर नको. हल्लीच्या संचांत घटनाक्रमानुसार ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ला १ क्रमांक असतो, पण ते १९५५ साली आलं. आधी १९५०चं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ घ्या. कपाटातून नार्नियात गेल्यावर बर्फाळ जंगलात दिव्याचा खांब कुठून आला, हे कोडं तिच्या मनात राहायला हवं. त्याचं उत्तर १९५५च्या पुस्तकात आहे. ते आधीच वाचलं तर कोडंच उरत नाही.