दुसऱ्या फेरीला अडणारा ॲरे

प्रश्न : व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये प्रोग्रॅम लिहायच्या भाषेत, मी रोजच्या हवामानाच्या नोंदी ॲरेत (एकाच नावाखालच्या क्रमांकित घरांत) साठवतो. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी : तारीख, किमान तापमान, कमाल तापमान, आर्द्रता. नोंदी किती येतील हे आधी ठाऊक नसतं, म्हणून लूपमध्ये 'रीडिम प्रिझर्व्ह नोंदी(१ टू एन, १ टू ४)' असं लिहिलं आहे. पहिल्या फेरीला चालतं, दुसऱ्या फेरीला 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज' म्हणून त्रुटी ९ येते. एन तर बरोबर २ झालेला दिसतो. मग चुकतं कुठे?

उत्तर : तुमचा एन बरोबर आहे. अडचण आहे ती एन ज्या जागी लिहिलाय तिथे. 'रीडिम' ॲरेचा आकार बदलतं, 'प्रिझर्व्ह' त्यातला जुना मजकूर जपतं. पण 'प्रिझर्व्ह' जोडलं की ॲरेची फक्त शेवटची मिती, म्हणजे कंसातली शेवटची जागा, बदलता येते, तिचीही वरचीच मर्यादा. तुम्ही पहिली मिती वाढवताय. पहिल्या फेरीला जपण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून तेव्हा तक्रार आली नाही.

हा नियम मी वर्गात कधीच नुसता सांगत नाही, चौकटीच्या वहीवर काढून दाखवते. तुम्हीही काढा. तीन ओळी, चार रकाने, एकूण बारा घरं. आपल्याला हा तक्ता दिसतो, पण मेमरीत ही घरं एकाच रांगेत, एकापुढे एक बसतात. व्हीबीएमध्ये पहिला निर्देशांक आधी पळतो : (१,१), (२,१), (३,१), मग (१,२), (२,२) असं. म्हणजे (१,२) हे घर रांगेत चौथं. आता एक ओळ वाढवा. पहिल्या रकान्यात चार घरं झाली, त्यामुळे (१,२) पाचव्या जागी जायला हवं, (१,३) सातव्यावरून नवव्यावर. पहिला रकाना सोडला तर सगळ्यांनाच हलावं लागतं. त्याऐवजी एक रकाना वाढवा : बारा घरं आपापल्या क्रमांकावर राहतात आणि शेपटीला तीन नवी लागतात. भाषा एवढंच करून देते.

तेव्हा आडवं-उभं बदला : 'रीडिम प्रिझर्व्ह नोंदी(१ टू ४, १ टू एन)'. वाढणारी गोष्ट शेवटी. कमाल तापमान मग नोंदी(३, एन) मध्ये मिळेल. शीटवर उतरवताना तक्ता उलटा येईल; तिथे मी दोन लूप हाताने लिहिते, म्हणजे कुठलं घर कुठे चाललंय ते डोळ्यांसमोर राहतं.

आणखी एक. दर नोंदीला रीडिम करू नका. प्रत्येक वेळी जुना मजकूर नव्या जागी उतरवला जातो असं धरा, तर हजार नोंदींसाठी एकूण ४,९९,५०० नोंदी उतरवाव्या लागतात. सुरुवातीला १६ जागा घेऊन भरल्या की दुप्पट करत गेलात, तर १,०२४ जागांपर्यंत पोचायला फक्त १,००८. शेवटी एकदा नेमक्या आकारावर छाटून घ्या.

बदल केल्यावर 'यूबाउंड' मात्र तपासा. यूबाउंड(नोंदी) पहिल्या मितीची मर्यादा देतं, म्हणजे आता कायम ४. तुम्हाला हवं ते यूबाउंड(नोंदी, २). माझ्या एका प्रोग्रॅममध्ये हा २ राहून गेला होता. लूप चार वेळा फिरायचा, त्रुटी येत नव्हती, आणि पहिल्या चार दिवसांची सरासरी महिन्याची म्हणून छापली जात होती. आकडा पटण्यासारखा असल्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. त्रुटी ९ परवडली, निदान ती थांबवते तरी.

प्रश्न : तीन मितींचा ॲरे 'डिम अ(१०, १०, १०)' असा घेतला. हजार घरं मिळायला हवीत ना?

उत्तर : १,३३१ मिळतात. खालची मर्यादा लिहिली नाही तर मोजणी शून्यापासून, म्हणजे प्रत्येक बाजूला अकरा घरं. 'ऑप्शन बेस १' लिहून हे बदलता येतं, पण ती ओळ मॉड्यूलच्या माथ्यावर, आणि डिम खाली पाचशे ओळींवर. कोड दुसऱ्या मॉड्यूलमध्ये चिकटवला की अर्थच बदलतो. '१ टू १०' जागच्या जागी लिहावं, या मताची मी आहे.

मिती वाढवण्याआधी मात्र विचारा, की हा खरंच तक्ता आहे का? १९६४ साली जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी डार्टमथ कॉलेजात बेसिक ही भाषा घडवली; व्हीबीए तिच्याच वंशातली. ते दोघे गणिती. एका निर्देशांकाला त्यांनी 'लिस्ट' म्हटलं, दोनांना 'टेबल', आणि लवकरच मॅट्रिक्ससाठी 'मॅट' आज्ञाही आल्या. मॅट्रिक्समध्ये कुठलंही घर उचला, आत एकाच जातीची संख्या असते. बुद्धिबळाचा पट, चित्राचे पिक्सेल, अंतरांचा तक्ता, ही त्याच घरातली माणसं.

पहिल्या पत्रातल्या नोंदी तशा नाहीत. तारीख आणि आर्द्रता शेजारी बसवायला 'व्हेरियंट' (कुठल्याही जातीची किंमत मावणारा प्रकार) घ्यावा लागतो, आणि नोंदी(३, एन) मधला ३ म्हणजे कमाल तापमान हे सहा महिन्यांनी आठवत नाही. तिथे 'टाइप' वापरून नोंदीचा साचा करा, त्यात चार नावं द्या, आणि त्या साच्याचा एकमितीय ॲरे घ्या. नोंदी(एन).कमाल असं वाचता येतं. मिती एकच, म्हणजे तीच शेवटची, त्यामुळे रीडिम प्रिझर्व्हही बिनतक्रार चालतं.