'डेंजरस लिएझन्स': आधी सिनेमा की आधी कादंबरी?

तुम्ही विचारलंय की 1988चा 'डेंजरस लिएझन्स' पाहण्याआधी मूळ फ्रेंच कादंबरी वाचावी का, आणि ही खरंच प्रेमकथा आहे का. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: सिनेमा आधी पाहा.

त्याचं कारण कादंबरीच्या घडणीत आहे. लाक्लो हा तोफखान्यातला अधिकारी. त्याची 1782 सालची ही कादंबरी म्हणजे निव्वळ 175 पत्रं. कोण खरं बोलतंय हे सांगणारा निवेदक नाही. सुरुवातीला कोण कुणाची आत्या आणि कोण कुणाचा जुना प्रियकर, हे लावण्यातच दम जातो. सिनेमा पाहिलेला असला की नावांना चेहरे मिळतात: कारस्थानी उमराव स्त्री मेर्तय म्हणजे ग्लेन क्लोज, तिचा जुना प्रियकर व्हाल्माँ म्हणजे जॉन माल्कोविच, त्याचं सावज तूर्वेल म्हणजे मिशेल फायफर. मग पत्रांतली खोडी नीट कळते.

पटकथा ख्रिस्तोफर हॅम्प्टनची. त्याने आधी या कादंबरीवर नाटक केलं होतं, म्हणून संवाद इतके धारदार आहेत. व्हाल्माँ मेर्तयला निर्वाणीचं पत्र पाठवतो, तेव्हा कादंबरीत मेर्तय त्याच पत्राच्या तळाशी उत्तर खरडते: ठीक आहे, युद्ध. सिनेमात तो तिच्यासमोर उभा असतो आणि ती हे तोंडावर सांगते. क्लोजचा चेहरा त्या क्षणी पाहाच. व्हाल्माँ एका गणिकेच्या उघड्या पाठीवर कागद ठेवून तूर्वेलला प्रेमपत्र लिहितो, तो प्रसंग दोन्हीकडे आहे. कादंबरीत मात्र आधीच्या पत्रात तो ही गंमत मेर्तयला सांगतो आणि मग ते प्रेमपत्र आपण वाचतो. प्रत्येक सात्त्विक वाक्याला दुसरा, चावट अर्थ फुटत जातो. ही मजा पडद्यावर अर्धीच उतरते.

आता प्रेमकथेचं. मेर्तय आणि व्हाल्माँमधली पैज अशी, की सोज्ज्वळ, विवाहित तूर्वेलला व्हाल्माँने वश करायचं, लेखी पुरावा आणायचा, मग मेर्तय एक रात्र त्याची. पुढे तो खरंच प्रेमात पडतो का? सिनेमात पडतो. दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्स कॅमेरा इतका जवळ नेतो की माल्कोविचला काही लपवायला जागाच उरत नाही. कादंबरीत तुम्ही शेवटपर्यंत ठामपणे सांगू शकत नाही, कारण हा माणूस प्रत्येक पत्र कुणावर तरी छाप पाडायलाच लिहितो. 154व्या पत्रात त्याच्या एका हताश पत्राचा उल्लेख येतो, ती हताशा खरी की ढोंग अशी शंकाही, आणि खाली कादंबरीतल्या काल्पनिक संपादकाची तळटीप: ही शंका फिटेल असं पुढच्या पत्रव्यवहारात काहीच सापडलं नाही, म्हणून व्हाल्माँचं ते पत्र गाळलं आहे. लाक्लोचा हा डाव मला अख्ख्या कादंबरीत सर्वांत आवडतो. म्हणून माझ्या लेखी सिनेमा प्रेमकथा आहे, कादंबरी नाही.

पटकथा, कलादिग्दर्शन आणि वेशभूषा अशी तीन ऑस्करं सिनेमाला मिळाली. सुरुवातीलाच नोकरचाकर मेर्तय आणि व्हाल्माँला कपडे, पावडर, केसांचे टोप चढवतात, एखाद्या योद्ध्याला चिलखत चढवावं तसं. अमेरिकन उच्चारात बोलणारे फ्रेंच उमराव पहिली दहा मिनिटं खटकतील, मग विसराल.

एक सूचना: कॉन्व्हेंटमधून नुकत्याच आलेल्या सेसिलच्या खोलीत व्हाल्माँ रात्री शिरतो, तो भाग आज पाहताना घशाखाली उतरत नाही. घरच्यांबरोबर लावू नका.

मिलोश फोरमनचा 1989चा 'व्हाल्माँ'ही याच कादंबरीवर आहे. कॉलिन फर्थ त्यात आहे. तो सौम्य, जास्त खेळकर. पण विष कमी, त्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर. आणि कादंबरी पूर्ण वाचणं जमणार नसेल, तर निदान 81वं पत्र वाचा. मेर्तय स्वतःला कशी घडवत गेली, ते तिच्याच शब्दांत त्यात आहे.