गॅनिमीडचा ‘आवाज’ खरा की बनावट?

प्रश्न : नातवाने मोबाइलवर ‘गुरूच्या चंद्राचा आवाज’ म्हणून एक क्लिप ऐकवली. नुसत्या शिट्ट्या आणि चिरकणं. अवकाशात हवाच नाही, मग आवाज कुठला? सूर्यातून ॐकार ऐकू येतो म्हणणाऱ्या क्लिपसारखीच ही थाप का?
ता. क. नातू विचारतो, त्या चंद्रावर उभं राहिलं तर असंच ऐकू येईल का?
– एक आजोबा, संगमनेर

उत्तर : ॐकाराची क्लिप खुशाल डिलीट करा, ही राहू द्या. ७ जून २०२१ रोजी नासाचं जूनो यान गुरूच्या गॅनिमीड या चंद्रापासून हजारेक किलोमीटरवरून गेलं. तेव्हाच्या मोजणीवरून बनवलेली पन्नास सेकंदांची ही क्लिप त्याच वर्षी डिसेंबरात जाहीर झाली. ‘आवाज’ हा शब्द मात्र तिला उगाच चिकटला. यानावर मायक्रोफोन नव्हता. होता तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा अँटेना, विजेची थरथर टिपणारा.

थरथर कसली? हवा नसली तरी गुरूभोवती निव्वळ पोकळी नाही. आयो या त्याच्याच दुसऱ्या एका चंद्रावर ज्वालामुखी आहेत. तिथून सेकंदाला साधारण टनभर गंधक आणि ऑक्सिजन बाहेर पडतो, त्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तयार होतो प्लाझ्मा. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो आणि आपल्या चुंबकीय क्षेत्राबरोबर हा प्लाझ्माही गरगर ओढत नेतो. गॅनिमीडला मात्र गुरूभोवतीच्या एका फेरीला सात दिवस लागतात. त्यामुळे प्लाझ्मा त्याला मागून येऊन धडकतो आणि पुढे निघून जातो.

या प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन जरा ढकलले गेले की मागे खेचले जातात, पलीकडे जातात, पुन्हा मागे येतात. हे हेलकावे सेकंदाला किती, ते इलेक्ट्रॉनांच्या दाटीवर ठरतं. घन सेंटीमीटरला एक इलेक्ट्रॉन असेल तर सुमारे ९ किलोहर्ट्झ (सेकंदाला ९ हजार हेलकावे), शंभर असतील तर ९०. म्हणजे दाटी शंभरपट, फ्रिक्वेन्सी दहापट. चुंबकीय क्षेत्रामुळे या आकड्यात थोडी भर पडते. क्षेत्र मोजणारं उपकरण शेजारीच असतं, ती भर वजा करता येते. एक अँटेना घेऊन नुसतं तिथून गेलं की वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची मोजदाद हातात! मला तरी क्लिपपेक्षा याचंच नवल जास्त.

पण ९० किलोहर्ट्झ आपल्या कानांना ऐकू येत नाही. माझी सगळी नोकरी मीडियम वेव्हच्या ट्रान्समीटरवर झाली, म्हणून रेडिओचाच दाखला देतो. स्टेशन कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर असो, जुना सेट ती आत ४५५ किलोहर्ट्झवर उतरवून घेतो; कार्यक्रम तोच राहतो. नासानेही लहरी अशाच खाली, कानांच्या टप्प्यात आणल्या आणि तसं स्पष्ट सांगितलं. व्हॉट्सअ‍ॅपवर येईपर्यंत तेवढं एक वाक्य गळालं.

क्लिपच्या मध्यावर सूर एकदम चढतो, तिथे नातवाला थांबवा. यान तेव्हा वेगळ्या भागात शिरलं. रात्रीच्या बाजूकडून दिवसाच्या बाजूला आल्यामुळे हे झालं असावं, असं जूनोच्या चमूतल्या, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या विल्यम कर्थ यांचं म्हणणं. अशाच बदलांवरून एक मोठा शोध लागला होता. २७ जून १९९६ रोजी नासाचं गॅलिलिओ यान गॅनिमीडपासून ८३५ किलोमीटरवरून गेलं. कर्थ यांच्याच विद्यापीठातल्या डॉन गर्नेट यांच्या उपकरणात लहरींचा एकाएकी गोंगाट उसळला आणि मार्गरेट किव्हलसन यांच्या चुंबकमापकाचा आकडा कितीतरी पट चढला. गॅनिमीडला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे! दुसऱ्या कुठल्याही चंद्राला ते असल्याचं आजवर आढळलेलं नाही. विषुववृत्तावर ते जेमतेम ७०० नॅनोटेस्ला भरतं, पृथ्वीचं तिथे ३० हजारांच्या घरात. तरी तेवढ्या बळावर हा चंद्र गुरूच्या अवाढव्य चुंबकावरणात (चुंबकीय क्षेत्राचा अंमल चालतो त्या भागात) स्वतःचं छोटं चुंबकावरण राखून आहे. युरोपचं ज्यूस यान एप्रिल २०२३ मध्ये निघालंय. २०३४ च्या अखेरीस ते गॅनिमीडभोवतीच फिरू लागेल, तेव्हा ही मोजणी धावती राहणार नाही.

ता. क.चं उत्तर : नाही. तिथलं ऑक्सिजनचं वातावरण इतकं विरळ, की टाळी वाजवली तरी ऐकू येणार नाही. लांब तार आणि मीडियम वेव्हच्याही खाली लागणारा रिसीव्हर नेला, तर मात्र नातवाला काहीतरी सापडेल.