शोककाळातले व्हिक्टोरियन दागिने पारखताना

संग्रहाची सुरुवात तुम्ही काळ्या शोक-दागिन्यांपासून करावी, असे मी आवर्जून सुचवेन. कारण १८६१ मध्ये पती प्रिन्स अल्बर्ट यांचे निधन झाल्यावर ब्रिटनची राणी व्हिक्टोरियाने अखेरपर्यंत शोकवस्त्रे वापरली आणि इंग्लंडमधल्या व्हिटबी या किनारी गावच्या जेटला, म्हणजे कोट्यवधी वर्षे जमिनीत दबून काळ्या खड्यासारख्या झालेल्या लाकडाला, मोठी मागणी आली. तुकडा गालाला लावून पाहा: खरा जेट हलका व उबदार लागतो, तर त्याच्या नावाखाली खपवली जाणारी काळी काच जड आणि गार लागते. लॉकेटमध्ये मृताच्या केसांची बट असेल तर ती कदापि काढू नका, त्या दागिन्याचा जीव तिच्यातच आहे. मोती हे अश्रूंचे प्रतीक. सर्प दिसला की मात्र शोक समजू नका. तो चिरंतन प्रेमाचे चिन्ह असून, अल्बर्ट यांनी व्हिक्टोरियाला दिलेली वाङ्निश्चयाची अंगठीही सर्पाकृतीच होती.